संशय आणि अविश्वास : द्वेषमूलक गुन्ह्याच्या एका तक्रारीचा विचार

एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीने द्वेषमूलक गुन्ह्याची तक्रार केली म्हणजे तिच्या खरेखोटेपणाचा निवाडा न्यायालयाआधी समाजच करू लागतो. हा निवाडा कशाच्या आधारे होतो आणि त्याचे परिणाम कोणास भोगावे लागतात, हे अमेरिकेतील जुसी स्मोलेट प्रकरणावरून स्पष्ट होते.

२९ जानेवारी २०१९ रोजी पहाटे दोनच्या सुमारास शिकागो येथे दोन इसमांनी आपला वर्ण व समलिंगी वृत्ती यांवरून शिवीगाळ केली, मारहाण केली आणि गळ्यात दोर अडकविला, अशी तक्रार ‘एम्पायर’ या दूरचित्रवाणी मालिकेतील या कृष्णवर्णीय नटाने केली. कृष्णवर्णीयांना झुंडींनी फासावर लटकविल्याचा इतिहास असलेल्या देशात या दोराचा अर्थ कोणास सांगावा लागला नाही. अनेक पुढाऱ्यांनी तपासापूर्वीच निषेध नोंदविला. दुसरीकडे, लोकांत शंकाही लवकरच निघाल्या.

या शंकांचे दोन प्रकार मानले पाहिजेत. इतक्या कडाक्याच्या थंडीत, अशा अवेळी हल्लेखोर दबा धरून कसे बसले, हा प्रश्न घटनेविषयी आहे. पुराव्याने तो सुटू शकतो. ‘असल्या तक्रारी बनावटच असतात’ हे विधान मात्र घटनेविषयी नसून तक्रार करणाऱ्या वर्गाविषयी आहे. पहिला संशय होय, दुसरा अविश्वास. पुढे पहिल्याला पुष्टी मिळाली म्हणून दुसरा सिद्ध होत नाही.

ओळखीच्या दोघा भावांना पैसे देऊन स्मोलेटने हा बनाव रचला, असे पोलिसांचे म्हणणे पडले. मार्च २०१९ मध्ये आरोप मागे घेण्यात आले. विशेष अभियोक्त्याने २०२० मध्ये ते पुन्हा ठेवले. ९ डिसेंबर २०२१ रोजी ज्यूरीने सहापैकी पाच आरोपांत त्यास दोषी ठरविले. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही दोषसिद्धी रद्द केली. सरकारपक्षाने एकदा केलेला करार मोडून पुन्हा खटला भरणे न्याय्य नव्हे, एवढेच त्याचे कारण होते. हल्ला खरा होता, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. स्मोलेटने बनावाचा आरोप सदैव नाकारला आहे.

या प्रकरणाचा भार मात्र पडतो तो अप्रसिद्ध पीडितांवर. अमेरिकन न्यायखात्याच्या पाहणीनुसार २००४ ते २०१५ या काळात दरवर्षी सरासरी सुमारे २,५०,००० द्वेषमूलक गुन्हे घडले आणि २०११ ते २०१५ मधील निम्म्याहून अधिक गुन्हे पोलिसांपर्यंत पोहोचलेच नाहीत. म्हणजे खोट्या तक्रारीपेक्षा न केलेली तक्रार हीच येथील मोठी समस्या होय. संशय तपासास प्रवृत्त करतो. अविश्वास तक्रारदारास चौकीच्या दारातूनच परत पाठवितो. अभ्यासकाने या दोहोंत गल्लत होऊ देता कामा नये.