अर्धं तिकीट, पूर्ण गाडी

पुलगाव-आर्वी हा अडीच फुटी रेल्वेमार्ग 1917 साली सुरू झाला तो माणसांसाठी नव्हे, कापसासाठी. मालकी ब्रिटिश कंपनीची, लांबी जेमतेम 35 किलोमीटर. कापसाच्या निमित्ताने वाटेवरच्या रोहण्याच्या माणसांचीही सोय झाली. ती गाडी इतिहासजमा झाली. आता आर्वीला किंवा पुलगावला जायचं तर एसटी, काळी-पिवळी, नाहीतर घरची फटफटी.

फटफटीवरच्या माणसाला पुन्हा लाल गाडीत बसवायचं, तर प्रदूषणावरचं भाषण कामाचं नाही. एसटीने ते काम तिकिटावर सोपवलं. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. फुकट प्रवासालाही तिकीट फाडावंच लागतं: आधार कार्ड पाहून वाहक यंत्रातून शून्य रुपयांचं तिकीट काढून देतो. सवलतीची भरपाई सरकारकडून मागायची, तर हिशेब हवाच.

खरी सवय मात्र शाळेच्या वयात लागते. विद्यार्थ्यांना मासिक पासात 66.67 टक्के सवलत आहे. बारावीपर्यंतच्या मुलींना तर अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफतच. पूर्वी मुख्याध्यापकांचा दाखला घेऊन आगाराच्या खिडकीपुढे रांग लावायची, त्यात शाळेचा एक दिवस बुडायचा. जून 2024 मध्ये महामंडळाने पास थेट शाळेत पोचवायची मोहीम काढली. माझ्या मते सगळ्या सवलतींत हीच सगळ्यात शहाणी, कारण तिने पैशांइतकाच वेळही वाचवला.

पण पास खिशात आहे आणि गाडीच नाही, तर काय करायचं? एसटी कर्मचाऱ्यांच्या 2021-22 च्या संपात गाड्या महिनोन्महिने आगारात उभ्या होत्या. त्या काळात ज्याच्या दारात दुचाकी आली, तो नुसत्या अर्ध्या तिकिटावर परत येत नाही. त्याला सकाळची गाडी वेळेवर हवी आणि संध्याकाळची नक्की हवी. कॉलेज सुटायची वेळ आणि गाडीची वेळ यांचा मेळ बसवून घेणं हे आगारप्रमुख, शाळा आणि ग्रामपंचायत यांनी एकत्र बसून करायचं काम.

राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाने हा विचार थोडा पुढे नेला. 125 तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी तालुक्यामागे 7 निळ्या बस दिल्या आणि शाळेपासून 5 किलोमीटरच्या आतल्या गरजू मुलींना सायकली. आडगावची मुलगी सायकलने फाट्यापर्यंत आली, तर ती सायकल दिवसभर ठेवायला एक टिनाचं शेड तरी हवं. ग्रामपंचायतीच्या खर्चात बसेल असं ते काम आहे.