उपयोजनांचे आभासीकरण : संकल्पना, कार्यपद्धती व मर्यादा

प्रस्तावना :
महाविद्यालयातील संगणक प्रयोगशाळा ही बहुधा अनेक विभागांची सामाईक असते. एका विभागासाठी बसविलेले सॉफ्टवेअर सामाईक फाईलची आवृत्ती बदलते आणि दुसऱ्या विभागाचे कालपर्यंत चालणारे सॉफ्टवेअर बंद पडते. विंडोजच्या संदर्भात या अडचणीस ‘डीएलएल हेल’ असे नाव रूढ झाले. परिणामी नवे सॉफ्टवेअर वापरून पाहण्यास कोणी धजत नाही. प्रयोगशाळेतच प्रयोगास वाव उरू नये, ही विसंगती दूर करणाऱ्या एका तंत्राचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना व कार्यपद्धती :
आभासी यंत्रात संपूर्ण संगणकाची, त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमसह, प्रतिकृती उभी केली जाते. ॲप्लिकेशन व्हर्च्युअलायझेशन म्हणजेच उपयोजनांच्या आभासीकरणात मात्र केवळ एक सॉफ्टवेअर वेगळे काढले जाते. सॉफ्टवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामध्ये एक पातळ स्तर असतो. सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत अथवा सिस्टिम फोल्डरमध्ये काही लिहू पाहिल्यास हा स्तर ती नोंद त्या सॉफ्टवेअरच्या खासगी प्रतीत करतो. वाचताना प्रथम खासगी प्रत पाहिली जाते. तेथे नोंद नसल्यास मूळ प्रणालीतून घेतली जाते. त्यामुळे एकाच सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या एकाच संगणकावर नांदू शकतात आणि प्रयोग फसल्यास ते पॅकेज काढून टाकता येते.

विकास :
सॉफ्ट्रिसिटी या अमेरिकन कंपनीचे ‘सॉफ्टग्रिड’ हे या क्षेत्रातील आरंभीचे उत्पादन होय. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली व पुढे हे उत्पादन ‘ॲप-व्ही’ या नावाने आले. २००८ मध्ये व्हीएमवेअरने ‘थिनस्टॉल’ घेऊन त्यास ‘थिनॲप’ असे नाव दिले. ॲप-व्हीसाठी प्रत्येक संगणकावर क्लायंट आवश्यक असतो. थिनॲपमध्ये हा स्तर पॅकेजमध्येच समाविष्ट असतो.

मर्यादा :
स्वतःचे ड्रायव्हर बसविणारी सॉफ्टवेअर्स या पद्धतीत सहसा चालत नाहीत. विलगीकरण हे संघर्ष टाळण्यासाठी असते. त्यास व्हायरसविरोधी तटबंदी समजू नये. मूळ ऑपरेटिंग सिस्टिम तीच राहत असल्याने तिला न पेलणारे सॉफ्टवेअरही चालत नाही. आपल्याकडे दीर्घकाळ शिकविण्यात आलेले १६ बिटचे टर्बो सी++ हे ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाही. त्यासाठी जुन्या संगणकाची नक्कल करणारा ‘डॉसबॉक्स’ लागतो. तसेच पॅकेज केल्याने परवान्याची अट संपत नाही.

निष्कर्ष :
सॉफ्टवेअर त्याच्या गरजांसह एकत्र बांधावे, हा विचार २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने कंटेनरच्या रूपाने सर्व्हरच्या क्षेत्रात सर्वदूर नेला. महाविद्यालयांनी प्रथम एका संगणकावर पॅकेज तयार करून तपासावे व नंतरच ते प्रयोगशाळेत वितरित करावे. फसलेल्या प्रयोगाची किंमत जेव्हा अल्प होते, तेव्हाच विद्यार्थी व अध्यापक नव्या साधनांकडे निःशंकपणे वळू शकतात.