वऱ्हाडच्या कापसाचा वाटा असलेली वास्तू

मोताळ्याचा माणूस मुंबईला जायचं म्हणजे मलकापूरला गाडी धरतो, दादरला उतरतो. तिथून लोकलने भायखळा, आणि स्टेशनच्या पूर्वेला थोडं चाललं की राणीची बाग. आज तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. आपल्या सिंदखेड राजाच्या लेकीचं नाव लावणाऱ्या या बागेच्या दारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. आपल्याकडची बरीच मंडळी वाघ, पेंग्विन बघून तशीच परततात, याची मला फार हळहळ वाटते. कारण या वास्तूशी आपलं जुनं नातं आहे.

पायाभरणी १८६२ची. आदल्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या हवालदिल झाल्या आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्यात वऱ्हाडचा कापूसही होता. बाजारात त्याला ‘उमरा’ म्हणत, अमरावतीच्या नावावरून. या व्यापारावर मुंबईचे शेठ गब्बर झाले. संग्रहालयासाठी वर्गणी निघाली, तेव्हा जगन्नाथ शंकरशेट, डेव्हिड ससून यांच्यासारख्यांनी हात सैल सोडला. पण १८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळला, पेढ्या बुडाल्या आणि बांधकाम रखडलं. पुढे सरकारने पैसा घातला, तेव्हा कुठे २ मे १८७२ला दारं उघडली. त्या वेळचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. मुंबईतलं हे सगळ्यात जुनं संग्रहालय. त्या तेजीत आपल्या काळ्या रानात राबणाऱ्यांच्या पदरात किती पडलं असेल, हा प्रश्न तिथल्या ओतीव लोखंडी खांबांखाली उभं राहिलं की माझा पिच्छा सोडत नाही.

आतलं दालन मात्र डोळे दिपवणारं. वर सोन्याचा वर्ख लावलेली नक्षी, पायाखाली इंग्लंडहून आणलेल्या मिंटन फरश्या, लाकडी कपाटांत कारागिरी. मुळात हा संग्रह इथल्या मालाचे आणि कसबाचे नमुने एका ठिकाणी दाखवावेत म्हणून जमवलेला. हस्तिदंत, शिंगकाम, लाखकाम, मातीची भांडी असं पुष्कळ आहे. मी रेंगाळतो तो बिदरीपाशी. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, टोकदार कलमाने नक्षी कोरतात आणि त्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात. मग बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर कालवून भांड्याला लावतात. जस्त काळंभोर होतं, चांदीला मात्र काही होत नाही. अमावास्येच्या आभाळात चांदण्या दिसाव्यात, तशी ती वेल उठून दिसते.

निरनिराळ्या जातींच्या, धंद्यांच्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्तीही इथे आहेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या. जे. जे. कलाशाळेचे प्रमुख सेसिल बर्न्स तेव्हा संग्रहालयाचेही क्युरेटर होते. माणसांना असं जातवार, धंदेवार मांडून काचेत ठेवणं मला खुपतं. ती राज्यकर्त्यांची नजर आहे. पण घडवणाऱ्या हातांचं कसब त्या नजरेला पुरून उरतं. पागोट्यांचे पीळ नीट पाहावेत: प्रत्येकाची बांधणी निराळी.

१९७५ला संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव मिळालं, आणि ते सर्वस्वी योग्य झालं. पेशाने डॉक्टर असलेल्या या माणसाने संग्रहालयाच्या समितीचा चिटणीस म्हणून वर्गणीसाठी खटपट केली. अजिंठ्याच्या लेण्यांतले शिलालेख वाचणाऱ्या पहिल्या भारतीय विद्वानांत त्यांची गणना होते. आणि अजिंठा बुलढाण्यापासून कितीसा लांब? पुढे वास्तूची रया गेली होती. महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून तिचा जीर्णोद्धार केला, २००५ला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ला संग्रहालय पुन्हा खुलं झालं.

बाहेर अंगणात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना पडून फुटला. तुकडे जोडून १९१४ला पुन्हा उभा केला.

आपल्या शाळांच्या सहली मुंबईला जातात, तेव्हा तासभर इथे राखून ठेवावा. बुधवारी बंद असतं, तेवढा वार टाळावा. आणि एखाद्या गुरुजींनी पोरांना बिदरीच्या कपाटापुढे उभं करून ती तार खाचेत कशी बसते, हे सावकाश समजावून सांगावं.