आम्लतेने बदलणारी प्रथिने संगणकाच्या पडद्यावर

फ्लूचा विषाणू पेशीत शिरतो तो पेशीपटलाच्याच एका सूक्ष्म पिशवीत बंद होऊन. या पिशवीतील सामू घसरून ५ च्या आसपास आला, की विषाणूवरील हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन आकार बदलते. विषाणूचे आवरण पिशवीच्या पटलाशी एकरूप होते आणि संसर्गाची वाट मोकळी होते.

आम्लता वाढताच हिस्टिडीनसारखी अमिनो आम्ले प्रोटॉन स्वीकारून धनभारित होतात. त्यामुळे प्रथिनातील आकर्षण-प्रतिकर्षणाचा तोल ढळतो. अणूंच्या पातळीवरील ही हालचाल प्रयोगशाळेत टिपणे अवघड असल्याने शास्त्रज्ञ संगणकीय प्रतिरूपणाचा आधार घेतात.

पारंपरिक पद्धतीत मात्र प्रोटॉन कोठे आहेत, हे आरंभीच ठरवावे लागते आणि ते अखेरपर्यंत बदलत नाही. हे गृहीतक चुकले, तर निष्कर्षही चुकतो. मोंगन, केस आणि मॅककॅमन यांनी २००४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत सामू स्थिर ठेवला जातो. प्रोटॉन जोडायचा की काढायचा, याचा निर्णय संगणक ठरावीक टप्प्यांवर संभाव्यतेच्या आधारे घेतो. कोंबडीच्या अंड्यातील लायसोझाइम या प्रथिनावर तिची चाचणी झाली.

हिमॅग्लुटिनिनचे हे रूपांतर रोखणारे औषध शोधायचे, तर कोणता प्रोटॉन केव्हा जोडला जातो, हे नेमके कळणे अगत्याचे आहे. अर्थात, संगणकाच्या उत्तराची अंतिम कसोटी प्रयोगशाळेतच लागते.