क्लाउडमधील कामवाटप आणि ‘सर्वोत्तम’ उत्तराचा गैरसमज

क्लाउड कम्प्युटिंगमध्ये कोणते काम कोणत्या मशीनवर चालवायचे हे उत्क्रांती-अल्गोरिदमने ठरवले की सर्वोत्तम वेळापत्रक मिळते, असे वारंवार सांगितले जाते. हे विधान कितीही वेळा उच्चारले तरी चुकीचेच राहते. जॉन हॉलंड यांच्या १९७५ च्या ग्रंथामुळे रुजलेल्या जनुकीय अल्गोरिदम या त्यातील प्रकारात प्रत्येक वेळापत्रक अक्षरांच्या साखळीने मांडतात, सरस साखळ्या निवडून त्यांचा संकर करतात आणि अधूनमधून एखादे अक्षर बदलतात, म्हणजेच उत्परिवर्तन घडवतात. शंभर कामे दहा मशीनवर वाटण्याचे मार्ग एकावर शंभर शून्ये इतके असल्याने ते सगळे तपासणे अशक्य असते. म्हणूनच ही पद्धत उपयोगी ठरते आणि म्हणूनच ती सर्वोत्तमाची हमी देऊ शकत नाही.

समजा, ३, ३, २, २, २ मिनिटांची पाच कामे ‘अ’ आणि ‘ब’ या सारख्याच वेगाच्या दोन मशीनवर वाटायची आहेत. साखळीतील प्रत्येक अक्षर त्या क्रमांकाच्या कामाची मशीन दाखवते. ‘अबअबअ’ या वाटपात सर्व कामे संपायला ७ मिनिटे लागतात, तर दोन्ही मोठी कामे एका मशीनवर ठेवल्यास ६ मिनिटे पुरतात. तरीही त्या साखळीतील कोणतेही एकच अक्षर बदलले तर वेळ ७ मिनिटांखाली येत नाही, बहुतेकदा वाढतोच. दोन योग्य बदल एकदम जुळेपर्यंत किंवा अनुकूल संकर घडेपर्यंत शोध तिथेच अडकून राहू शकतो. गुंटर रुडॉल्फ यांनी १९९४ मध्ये सिद्ध केले की प्रत्येक पिढीतील सर्वोत्तम साखळी जपून ठेवली नाही, तर मूळ स्वरूपातील जनुकीय अल्गोरिदम सर्वोत्तम उत्तरावर स्थिरावत नाही. ती जपली तरी मिळणारी खात्री शोध अमर्याद काळ चालवला तरच लागू होते, आणि क्लाउडचा ग्राहक तेवढा थांबत नाही.

‘हा निव्वळ अंदाजपंचे शोध आहे’ हेही खरे नाही, कारण बदल यादृच्छिक असले तरी निवड गुणवत्तेनुसार होते. ‘एकच अल्गोरिदम सर्वत्र श्रेष्ठ ठरतो’ हा दावा वोल्पर्ट आणि मॅक्रेडी यांच्या १९९७ च्या प्रमेयांपुढे टिकत नाही, कारण सर्व शक्य समस्यांची सरासरी घेतली तर त्यांनुसार सगळे अल्गोरिदम सारखेच ठरतात. ‘मोठ्या यंत्रणा प्रत्येक काम याच पद्धतीने वाटतात’ असेही नाही. उदाहरणार्थ, क्लाउडमध्ये कामे चालवणाऱ्या कुबरनेटीस या यंत्रणेचा मूळ शेड्यूलर, म्हणजे कामवाटप करणारा भाग, अयोग्य मशीन गाळून उरलेल्यांना गुण देतो.

मोठे काम आधी घ्यावे आणि ते सर्वांत आधी मोकळ्या होणाऱ्या मशीनला द्यावे, या साध्या नियमाने लागणारा वेळ दोन सारख्या मशीनवर सर्वोत्तमाच्या ७/६ पटीपलीकडे जात नाही, हे रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६९ मध्येच दाखवले होते. वरील ‘अबअबअ’ हे त्याच नियमाचे वाटप आहे. तेच पहिल्या पिढीत घालून सर्वोत्तम साखळी जपत गेल्यास उत्तर त्याहून वाईट होत नाही आणि सुधारण्याची संधीही राहते. उत्क्रांतीकडून मागण्यासारखी प्रामाणिक हमी एवढीच आहे.