हायब्रिड म्हणजे नक्की कुठली?

नवी गाडी घ्यायची म्हटलं, की पुरुषमंडळी इंजिन, मायलेज, पिकअपवर तासन् तास बोलतात. आपल्याला विचारतात एवढंच, ‘रंग कुठला घ्यायचा?’ पण गाडीसाठी जी एफडी मोडायची असते तिच्यात आपलेही पैसे असतातच की! आमच्याकडे छोट्या हायब्रिड एसयूव्हीचा विषय निघाला, तेव्हा मी ठरवलं, रंगाचं नंतर बघू, आधी गाडी समजून घेऊ.

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी. कल्पना तशी जुनीच. जपानमध्ये टोयोटाची प्रियस १९९७ सालीच आली. आपल्याकडे २०२२ मध्ये टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा आल्या आणि छोट्या एसयूव्हीतही हायब्रिड मिळू लागली. ही गाडी घरी चार्जिंगला लावावी लागत नाही. सायकलचा डायनामो आठवतो ना? तसंच काहीसं. ब्रेक लावला किंवा घाटाचा उतार लागला, की चाकं मोटरला फिरवतात, वीज तयार होते आणि बॅटरीत साठते.

खरी मेख पुढेच आहे. या एकाच नावाच्या गाडीत दोन प्रकार मिळतात, ‘माइल्ड’ आणि ‘स्ट्राँग’. माइल्डमध्ये मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, एकट्या बॅटरीवर गाडी चालत नाही. स्ट्राँगमध्ये मात्र गावातल्या संथ गर्दीत इंजिन बंद ठेवून गाडी चक्क विजेवर चालते.

ग्रँड व्हिटारा आली तेव्हा स्ट्राँग प्रकाराचं मायलेज लिटरला २७.९७ किलोमीटर आणि हाताने गिअर टाकायच्या माइल्डचं २१.११ सांगितलं होतं. हे चाचणीतले आकडे. रस्त्यावर कमीच पडतात.

आता वही-पेन घ्या. वर्षाला ६,००० किलोमीटर फिरणं असेल, तर या आकड्यांनी साधारण ७० लिटर पेट्रोल वाचतं. लिटरला शंभर रुपये धरले, तर ७,००० रुपये. दोन प्रकारांच्या किमतीत दोन लाखांचा फरक असेल, तर तो भरून निघायला २८ वर्षं! तेच वर्षाला २०,००० किलोमीटर होत असतील, तर साडेआठ वर्षं. म्हणजे गाडी चांगली की वाईट हा प्रश्नच नाही, आपलं फिरणं किती आणि कुठे, हा आहे. बाजार, शाळा, सिग्नल अशी सारखी थांबत-थांबत चालणारी गाडी असेल, तर फायदा जास्त. हायवेवर सरळ वेगात तेवढा नाही.

आणखी एक. स्ट्राँग प्रकारात बॅटरीमुळे डिकीतली जागा कमी होते. माहेरून तांदळाचं पोतं आणि लोणच्याची बरणी आणणाऱ्या आपल्यासारखीने डिकी उघडून बघायलाच हवी, बरं का! बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, किती किलोमीटरची, हेही लेखी मागा.

नवीन हायब्रिड येणार म्हणून जाहिरात दिसली, तरी प्रश्न हेच विचारायचे. आणि बुकिंगच्या पावतीवर नुसतं ‘हायब्रिड’ नको, माइल्ड की स्ट्राँग ते स्पष्ट लिहून घ्या. मगच पैसे भरा.