रंगमंचावर कुंचला, हातात माइक

काय असते? वक्ता बोलता बोलता, किंवा भाषणाआधी संगीतावर, प्रेक्षकांसमोर चित्र पूर्ण करतो. कॅनव्हास बहुधा काळा, रंग पटकन वाळणारा अ‍ॅक्रिलिक. अनेकदा चेहरा उलटा रंगवतात. कॅनव्हास फिरवला की सभागृहाला उलगडा होतो. वेळ साधारण ५ ते १० मिनिटे.

कुणी रुळवले? अमेरिकेचे डेनी डेंट (१९४८–२००४) दोन्ही हातांत कुंचले धरून गायकांची व्यक्तिचित्रे रंगवत. त्याला प्रेरक भाषणाची जोड देणाऱ्यांत एरिक वॉल हे ठळक नाव. भारतात बंगळुरूचे विलास नायक.

कोलकाता, बंगाल आणि आपल्याकडे:
• १९९२ : पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनी टाटा सेंटरमध्ये लोकांसमोर देवींची चित्रे रंगवली आणि अखेरीस स्वतःच पांढऱ्या रंगाखाली झाकली. भाषण नव्हते, गर्दी मात्र होती.
• पटुआ : पश्चिम मेदिनीपूरच्या पिंगला भागातील नया गावचे चित्रकार पट उलगडत कथा गातात. चित्र आधीच तयार असते, हाच मुख्य फरक. जुने पट जोका येथील गुरुसदय संग्रहालयात.
• पटुआंचे आपल्याकडचे भाऊबंद : चित्रे दाखवत कथा सांगणारे पिंगुळीचे (ता. कुडाळ) चित्रकथी. त्यांपैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ची पद्मश्री.

हिशेब: मानधनावर सहसा १० टक्के टीडीएस. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी. प्रति कार्यक्रम दीड लाखापर्यंतची जीएसटी सूट लोककला किंवा शास्त्रीय संगीत, नृत्य, नाट्यापुरतीच. प्रेरक भाषण त्यात बसत नाही.